भारनियमन

माणसाला एखादे तरी व्यसन असावे म्हणतात. मला तंबाखू नाही, पत्ते नाहीत, कळंबमध्ये राहूनही राजकारण नाही. पण मुंबई इंडियन्स आहे. डॉक्टरांना मी हे अजून सांगितलेले नाही. "तुमचा रक्तदाब उन्हाळ्यातच आणि तोही रात्रीचाच का वाढतो?" असे ते दरवर्षी विचारतात. मी "उकडतं फार" असे सांगतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो.

आता कळंबच्या माणसाने मुंबईचा संघ आपला का मानावा, असे कोणी विचारील. मुंबई आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या वर. मांजरेच्या काठावर उभे राहिले तर वानखेडे स्टेडियम दिसत नाही. पाऊस नीट झाला नसेल तर मांजरेत पाणीही दिसत नाही. पण संघ कोणी निवडत नसतो. कुलदैवत कोणी निवडले आहे काय? घरात होते म्हणून आहे. आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून, बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत वाढलो. तेव्हापासून मुंबई म्हणजे वाडेकर, मुंबई म्हणजे गावसकर आणि पुढे मुंबई म्हणजे सचिन. 2008 साली आयपीएल सुरू झाली तेव्हा सचिन ज्या बाजूला उभा राहिला ती आपली बाजू, इतका साधा हिशेब होता. 2013 साली सचिन त्यातून बाहेर पडला. बाजू मात्र राहिली.

आणि सुख नव्हते असे नाही. 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच अजिंक्यपदे या संघाने मिळवली. त्या काळात हे सगळे माझ्या खुर्चीमुळे होते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वेताची, डाव्या हाताची दांडी सुटलेली ती खुर्ची सामना चालू असताना हलवायची नाही, असा घरात दंडक होता. हंगामाचा पहिला सामना मात्र आमचा संघ हरायचाच. 2013 पासून 2025 पर्यंत सलग 13 हंगाम हरला. आम्ही त्याला 'पहिला देवाला' म्हणत असू.

पण 2022 साली देवालाच किती द्यायचे याला काही धरबंध राहिला नाही. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ओळीने आठ! त्या वर्षी साखळीचे सारे सामने मुंबईत आणि पुण्यातच होते. म्हणजे परगावचे पाणी बाधले असे म्हणायचीही सोय नाही. 16 एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, आमच्याच तालुक्यातली. लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचायला येतात. आमच्या हिने मुलांना सुखी ठेव म्हणून हात जोडले. मीही जोडले; काय मागितले ते हिला सांगितले नाही. त्याच दिवशी केएल राहुलने आमच्याविरुद्ध नाबाद 103 धावा काढल्या. आठ दिवसांनी, 24 एप्रिलला, सचिनच्या वाढदिवशी, खुद्द वानखेडेवर, त्याच राहुलने पुन्हा नाबाद 103 काढल्या. देवीची यात काही चूक नाही. तिच्याकडे पावसाचे अर्जच इतके तुंबलेले असतात! शेवटी 30 एप्रिलला, रोहित शर्माच्या वाढदिवशी, पहिला विजय मिळाला. ही म्हणाली, "रोज कुणाचा तरी वाढदिवस करा म्हणावं." हंगाम संपला तेव्हा 14 सामन्यांत 4 विजय आणि 10 संघांत दहावा क्रमांक.

तरीही मी सांगतो, हरण्याचे मला दुःख नाही. आम्ही मराठवाड्यातली माणसे. एका पावसाने सोयाबीन उगवते, दुसऱ्याने सुकते आणि तिसऱ्याने वाहून जाते. हरणे आम्हाला कोणी शिकवायला नको. पावसाने हरवले तर माणूस आभाळाकडे बघतो आणि पुन्हा पेरतो. पण बियाणेच खोटे निघाले तर तो दुकानदाराकडे जातो की नाही? माझे भांडण दुकानदाराशी आहे. इंग्रजीत त्याला मॅनेजमेंट म्हणतात.

या मॅनेजमेंटने 2022 च्या लिलावात जोफ्रा आर्चर नावाचा गोलंदाज 8 कोटी रुपयांना घेतला. तो त्या वर्षी दुखापतीमुळे खेळणार नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत होते आणि घेणाऱ्यालाही. आमच्या भागात याला 'उचल' म्हणतात. ऊसतोडीचा मुकादम हंगामाच्या आधीच कोयत्याला पैसे देऊन ठेवतो. कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दसरा-दिवाळी झाली की ते जोडपे गाडीत संसार घालून कारखान्याला जाते आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडते. आर्चर 2023 साली आला, 5 सामने खेळला आणि दुखण्यामुळे परत गेला. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही; कोपर दुखत असेल तर माणूस काय करील? पण आमच्याकडच्या जोडप्याने पाच दिवसांत परतीची वाट धरली असती तर मुकादम त्यांच्या आधी त्यांच्या दारात येऊन बसला असता. ही तुलना तिथेच सोडतो. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

मग कर्णधाराचे प्रकरण. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्याला गुजरातेतून परत आणले आणि 15 डिसेंबरला, पाच अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या रोहितला बाजूला करून, त्याला कर्णधार केले. अहो, आमच्या गावात सोसायटीचा चेअरमन बदलायचा म्हटला तरी नोटीस निघते, सभा भरते, दोन-चार खुर्च्या मोडतात, एखाद्याचा शर्ट फाटतो. सगळे कसे रीतसर होते! इथे एक पत्रक निघाले आणि काम झाले. 2024 चा हंगाम: पुन्हा 14 पैकी 4 विजय, पुन्हा दहावा क्रमांक. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिकचे नाव घेताच आमच्याच लोकांनी अशी हुर्यो उडवली की संजय मांजरेकरांना माइकवरून 'नीट वागा' असे सांगावे लागले.

खरे सांगतो, मीही त्या दिवशी घरात बसून 'हूऽऽ' केले. नातवाने केले म्हणून मी केले. नंतर मला लाज वाटली. कारण गाडी दोन तास उशिरा येते तेव्हा आपण शिव्या कोणाला देतो? कंडक्टरला. गाडी ज्याने उशिरा सोडली तो डेपोत पंख्याखाली असतो. हार्दिकने काय स्वतःच्या सहीने स्वतःला नेमले होते? आपल्या रागाचा पत्ता नेहमी चुकतो आणि मॅनेजमेंट नावाची गोष्ट त्या चुकीच्या पत्त्यावरच जगते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गेली काही वर्षे एक शब्द कानावर येतो आहे: वर्कलोड मॅनेजमेंट. नातवाने मला तो समजावून सांगितला. "आजोबा, प्लेअरवर लोड जास्त झाला की त्याला मधून मधून बंद ठेवायचं."

"म्हणजे भारनियमन," मी म्हणालो.

भारनियमन या विषयावर मराठवाड्याला कोणी शिकवणी लावू नये. त्यात आमची डॉक्टरेट आहे. एप्रिलमध्ये पंखा हवा तेव्हा, रब्बीला मोटर हवी तेव्हा आणि शेवटच्या षटकात 11 धावा हव्या असतात तेव्हा दिवे कसे जातात, याचा आम्ही जन्मभर अभ्यास केला आहे. त्या अभ्यासातून दोन सिद्धान्त निघाले. पहिला: भार कधी कमी होत नसतो, तो सरकत असतो. आमच्या ओसरीतला दिवा गेला म्हणजे कुठे तरी कोणाच्या तरी मांडवात झगमगाट चालू असतो. दुसरा: ज्याची वट जास्त त्याची पाळी कधी येत नाही.

हे दोन सिद्धान्त घेऊन 2025 चा इंग्लंडचा दौरा बघा. कसोट्या पाच. जसप्रीत बुमराह त्यांतल्या तीनच खेळणार, असे आधीच जाहीर झाले. कोणत्या तीन ते नाही. आमचे भारनियमन याहून बरे. वेळापत्रक पाळले जात नाही, पण भिंतीवर चिकटवलेले तरी असते. लीड्सची पहिली कसोटी आपण हरलो. मध्ये आठवडाभराची मोकळीक मिळाली. मालिकेत मागे पडलेलो, आणि एजबॅस्टनला बुमराह विश्रांतीला! आमच्या सलूनमध्ये त्या दिवशी एकाची दाढी अर्धीच राहिली, इतका वाद पेटला.

आणि गंमत अशी की एजबॅस्टन आपण 336 धावांनी जिंकलो. बुमराह लॉर्ड्सला आला, तिथे हरलो. मँचेस्टरला आला, सामना अनिर्णित. ओव्हलला पुन्हा नव्हता, तिथे 6 धावांनी जिंकलो. मालिका 2-2. झाले! सलूनवाला म्हणाला, "गुर्जी, ते बुमराह नसलं की आपण जिंकायलोत बगा. त्येला घरीच बसवा." लोक दोन आणि दोन असे बावीस करतात ते असे. मी म्हणालो, "बाबा रे, दिवा गेला आणि तरी उजेड दिसला, तर आधी कोण कंदील धरून उभं आहे ते बघावं." मोहम्मद सिराज पाचही कसोट्या खेळला. 185 षटकांहून जास्त गोलंदाजी केली, 23 बळी घेतले आणि शेवटच्या दिवशी ओव्हलला शेवटचा त्रिफळाही त्यानेच उडवला. बुमराहचा भार कमी झाला नव्हता. तो सिराजच्या खांद्यावर सरकला होता. सिद्धान्त पहिला.

त्यानंतर सुनील गावसकरांनी सांगून टाकले की हा 'वर्कलोड' शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाका. गावसकरांचा शब्द म्हणजे आम्हाला पोथी. 1971 साली पोर्ट ऑफ स्पेनला दाढदुखीने हैराण असताना त्यांनी 124 आणि 220 धावा काढल्या. कपिलदेव 131 कसोट्या खेळला. दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. एकच चुकली, तीही बेजबाबदार फटका मारला म्हणून त्याला बसवले होते. आमचे बापू नाडकर्णी 1964 साली मद्रासला 32 षटके टाकून 27 निर्धाव घेऊन गेले, 5 धावा दिल्या. त्यांना कोणी विचारले नाही की बापू, भार होतोय का? एवढा दारूगोळा मी जमवला होता. हा लेख इथेच, 'पूर्वीची माणसे वेगळी होती' या वाक्यावर संपवायचाही बेत होता. तसे लेख लोकांना आवडतात.

पण मग आरशात बघावे लागले. कारण एके काळी मी स्वतः मॅनेजमेंट होतो.

आमचा धाराशिव जिल्हा खो-खोचा. क्रिकेट आम्ही बघतो; खो-खो आमच्या पोरी खेळतात. सारिका काळे याच जिल्ह्याची; तिला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. तर तीसएक वर्षांपूर्वी, मास्तर असताना, शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यात आठवीतली एक मुलगी होती. तिचे नाव लिहीत नाही. वाऱ्यासारखी पळायची. पहिल्या तिघींत तिला उतरवले की समोरच्या संघाच्या निम्म्या मुली दमून जायच्या आणि ही खांबाजवळ वेणी सावरत उभी. त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो आणि आदल्या संध्याकाळी तिचा घोटा मुरगळला. सकाळी बघतो तर पाय टम्म. मी कडक पट्टी बांधली आणि विचारले, "पळशील ना?"

ती म्हणाली, "पळते की सर."

आता मला सांगा, मास्तरांनी 'पळशील ना' म्हणून विचारल्यावर आठवीतली मुलगी दुसरे काय म्हणणार होती? तो प्रश्नच नव्हता. तो हुकूम होता. फक्त शेवटी प्रश्नचिन्ह होते. ती पळली. आम्ही जिंकलो. ढाल मिळाली, हेडमास्तरांनी ती कपाटावर ठेवली, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. ती मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आज तिचे गावात शिवणकामाचे दुकान आहे. मी रस्त्याने दिसलो की हाक मारून चहा पाजते. पावसाळी हवा असली की मशिनीवरून उठताना एक पाय जरा जपून टाकते. मागे एकदा म्हणाली, "सर, ती ढाल अजून आहे का हो शाळेत?" मी "आहे की" म्हणालो. मी बघायला गेलेलो नाही.

म्हणून 'विश्रांती कशाला?' असे मी कोणाला विचारणार नाही. बुमराहची पाठ 2019 साली दुखावली, 2022 साली पुन्हा दुखावली, 2023 साली तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तो पूर्ण आयपीएल हंगाम त्याने घरी काढला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात पाच कसोट्यांत 151 षटके टाकून 32 बळी घेतले आणि 2025 च्या जानेवारीत सिडनीला ती पाठ पुन्हा म्हणाली, बस. पाठ प्रत्येकाला एकच मिळते. तिला विश्रांती द्यावीच. गावसकरांची क्षमा मागून सांगतो, शब्द कोशात राहू द्या. माझे म्हणणे इतकेच आहे की तो सगळ्यांच्या कोशात असू द्या आणि त्याची पाळी कोणावर कधी येते ते बघा.

सिडनीनंतर बुमराह चॅम्पियन्स ट्रॉफीला मुकला. 7 एप्रिलला तो मैदानात परतला. कोणासाठी? आमच्यासाठी, मुंबई इंडियन्ससाठी! त्या हंगामात 12 सामने खेळला, 18 बळी घेतले. आणि जूनमध्ये इंग्लंडला गेल्यावर मोजणी सुरू झाली, की आता तीनच. 2008 साली आयपीएलचे 8 संघ आणि वेळापत्रकात 59 सामने होते. 2022 साली 10 संघ आणि 74 सामने झाले. हा भार कोणी वाढवला? कसोटीने नव्हे. पण विश्रांती मात्र कसोटीच्या वाट्याची कापायची. मांडवातला झगमगाट चालू, ओसरीतला दिवा बंद. सिद्धान्त दुसरा. आणि 7 एप्रिलला बुमराह धावत आला तेव्हा खुर्चीत उभा राहून टाळ्या कोणी वाजवल्या? मी. तेव्हा मला त्याची पाठ आठवली नाही. मांडवाची वर्गणी मीच भरतो आणि अंधाराबद्दल ओरडतोही मीच.

आणि आता ती उचल. ऊसतोडीच्या जोडप्याने एक दिवस काम बुडवले तर त्याला 'खाडा' म्हणतात. ताप आला, बाळंतपण आले, पाठ धरली, काहीही झाले तरी खाडा तो खाडा. पैसे कापले जातात. पाठ तीच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची पाठ बुमराहच्या पाठीहून वेगळ्या हाडांची केलेली नाही. एकाच्या न येण्याला विश्रांती म्हणायचे आणि दुसरीच्या न येण्याला खाडा, ही भाषा ज्याने केली त्याला मी मॅनेजमेंट म्हणतो. मग तो वानखेडेच्या काचेच्या खोलीत बसलेला असो, फडाच्या बांधावर असो, नाही तर शाळेच्या मैदानावर शिट्टी गळ्यात अडकवून उभा असो.

तेव्हा मॅनेजमेंटला माझ्या मागण्या अशा. भारनियमन करा, पण आधी मांडवात करा. विश्रांती द्या, पण सिराजलाही द्या. कर्णधार बदला, पण समोर येऊन सांगा का ते; चार खुर्च्या मोडल्या तरी चालतील. आणि खेळाडूला 'पळशील ना?' असे विचारू नका. 'पाय दाखव' म्हणा.

हे सगळे मी परवा हिला वाचून दाखवले. मला वाटले डोळे पुसेल. ही तूर निवडत होती. म्हणाली, "सगळं खरंय. पण तुमच्या पाठीचं काय? दोन महिने रोज रात्री त्या मोडक्या खुर्चीत ताठ बसता आणि सकाळी मला बाम चोळायला लावता. तुमचंच करा की भारनियमन."

मुद्दा बिनतोड होता. मी तिथल्या तिथे जाहीर केले, की पुढच्या हंगामात साखळीच्या 14 सामन्यांपैकी मी फक्त तीन बघणार.

"कोणते तीन?"

"ते आत्ता सांगता येत नाही. वेळेवर ठरवू. खेळपट्टी बघून."

"बरं," ही म्हणाली, "मग उरलेल्या अकरा दिवशी संध्याकाळी दळण तुम्ही आणायचं, भाजी तुम्ही आणायची आणि नातवाचं गणित तुम्ही घ्यायचं."

भार कधी कमी होत नसतो, तो सरकत असतो, हे मी वर लिहिलेच आहे. चौदाच्या चौदा सामने बघायचे ठरवले आहे. खुर्ची तेवढी दुरुस्तीला टाकली आहे.